सगळ्यात आत आईचा पलंग

माणूस पलंग मागवतो तेव्हा त्याची लांबी विचारतो, रुंदी विचारतो, फारच चिकित्सक असला तर स्क्रू गंजतात का तेही विचारतो. पण तो आणणार कोण, हे आजवर कुणी विचारलेलं नाही आणि मीही विचारलं नाही. वास्तविक मी विचारायला हवं होतं. मी शाळेत भूगोल शिकवतो. कोळसा कुठे निघतो, कापूस कुठे पिकतो, पोलाद कुठे तयार होतं हे मी मुलांकडून घोकून घेतो. 'खाणीतून निघालेला कोळसा कारखान्यात जातो' हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की खडू हातात घेतला की हात आपोआप तिकडे वळतो. पण तो कोळसा स्वतःच्या पायांनी चालत जात नाही, ही माहिती पाठ्यपुस्तकात नव्हती. सबब ती माझ्याकडेही नव्हती.

तर पलंग. आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हाडाचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "हृदय अशक्त आहे, ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका. आता ह्या उठायच्या नाहीत असं धरून चाला. हँडल फिरवून वरखाली करता येतो तो दवाखान्याचा पलंग घ्या, त्यावर हवेची गादी घाला. आणि पलंग येवो न येवो, दर दोन तासांनी कूस बदला. दिवसा, रात्री, कधीही चुकवायचं नाही. ढकलायचं नाही, चादरीवर धरून उचलायचं. दोन माणसं लागतात. पाठीला एकदा जखम झाली की ह्या वयात भरत नाही. माणूस त्या जखमेनंच जातो."

हे आम्ही नवराबायकोने शेजारी शेजारी उभं राहून ऐकलं. बायकोने ऐकलं ते 'दर दोन तासांनी'. मी ऐकलं ते 'हँडल फिरवून वरखाली करता येतो'. माझा स्वभावच तसा आहे. घरावर संकट आलं की मला लगेच एखादी वस्तू आणावीशी वाटते. वस्तू आली की मी मोकळा, असं माझ्याबद्दल हिचं मत आहे, आणि ते ती माझ्यासमोर पाहुण्यांना सांगते.

पलंग आमच्या गावात मिळेना. दुकानदाराकडे नमुन्याचा एक होता, पण त्यावर तो स्वतः दुपारी झोपत असल्यामुळे विकायला तयार नव्हता. शेवटी मी दूरच्या एका कारखान्यातून थेट मागवला. त्यांचा निरोप आला, "आपला पलंग गाडीत भरला आहे." मी तो निरोप आईला वाचून दाखवला.

"म्हणजे आला?" आईने विचारलं.

"निघाला."

"निघालेलं काही आलेलं नसतं," आई म्हणाली आणि भिंतीकडे बघत राहिली. भिंतीकडे बघण्यावाचून तिला इलाज नव्हता, कारण त्या वेळी आम्ही तिला डाव्या कुशीवर ठेवलं होतं.

सुरुवातीला हे कूस बदलण्याचं काम आम्ही दोघं करत होतो. चादरीची दोन टोकं हिने धरायची, दोन मी. "हं" म्हटलं की उचलायचं, वळवायचं, पाठीला उशी लावायची, गुडघ्यांमध्ये दुसरी. मी हे काम केलं नाही असं कुणी म्हणू नये. फक्त माझा एक हात चादरीला आणि दुसरा फोनला असे. कारण फोनवर मी पलंगाचा माग काढत होतो, आणि पलंग आला की हे सगळं करावंच लागणार नाही अशी माझी पक्की समजूत होती. ही समजूत चुकीची होती, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण एखादी गोष्ट नुसती सांगून मुलांच्या डोक्यात शिरत नाही, हे मी पालकसभेत नेहमी म्हणतो.

याच सुमारास देशात ट्रकचालकांचा तुटवडा असल्याचं जाहीर झालं. 'जाहीर झालं' म्हणायचं एवढंच, कारण लोकांना ते आधीच कळलं होतं. वाण्याच्या दुकानात आधी साबण संपला, मग मीठ संपलं, मग वाणी बाहेर स्टुलावर येऊन बसू लागला. काहीही मागा, उत्तर एकच: "गाडी नाही आली." पेट्रोलपंपावर दोरी बांधली. आमच्या शाळेत खडू संपले. मग शाळेच्या बसच्या चालकांना जादा पगार देऊन ट्रकवाले घेऊन गेले, तेव्हा शाळाच बंद झाली. एरवी हा प्रश्न मी परीक्षेत घातला असता. 'ट्रकचालकांच्या तुटवड्याची कारणे व परिणाम लिहा. गुण पाच.' परिणाम समोरच होते. कारणं शोधायला घर सोडावं लागणार होतं.

त्याआधी शेजाऱ्यांचा सल्ला. आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त बँकवाले राहतात. आयुष्यभर लोकांना 'हे होणार नाही' असं सांगून आल्यामुळे की काय, निवृत्तीनंतर त्यांना सगळंच होण्यासारखं वाटतं. ते आईला बघायला आले आणि म्हणाले, "हवेची गादी म्हणजे काय हो? हवाच ना? सायकलच्या ट्यूब घ्या, एकीला एक बांधा, वर गोधडी घाला. पलंगाची वाट कशाला बघताय?"

उंटावरचा शहाणा घरी आला की त्याला चहा पाजून परत पाठवावं. मी मात्र सायकलवाल्याकडे गेलो. जुन्या ट्यूब आणल्या, सुतळीने एकमेकींना बांधल्या, पंपाने हवा भरली. बँकवाले पंप मारताना मधून मधून 'वा' म्हणत होते. आईला वर ठेवलं तेव्हा ती थोडी हलली, पण म्हणाली, "बरं वाटतंय." आम्ही दोघांनी हस्तांदोलन केलं. तेवढ्यात मधली एक ट्यूब फुटली. आवाज एवढा मोठा झाला की खालचे लोक वर आले आणि वरचे लोक खाली आले. आई मधल्या खळग्यात रुतून बसली. सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले.

"मी गेले का?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"नाही, आई."

"मग ही एवढी माणसं कशाला जमलीत?"

त्या खळग्यातून तिला बाहेर काढताना सुतळीने तिची पाठ खरचटली. अगदी बारीकशी जागा होती, नखाएवढी. हिने ती पुसून मलम लावलं आणि सगळ्या ट्यूब जिन्यात नेऊन टाकल्या.

पलंग जिथे अडकला होता त्या गावी, ट्रान्सपोर्टच्या यार्डात, मी दुसऱ्या दिवशी पोचलो. भिंतीच्या कडेने ट्रक ओळीने उभे होते. सगळे भरलेले, ताडपत्र्या आवळलेल्या, टायरांच्या आजूबाजूला गवत उगवलेलं. मॅनेजर ऑफिसात एकटाच फोनला 'नाही, नाही' म्हणत बसला होता. फोन ठेवल्यावरही तो थोडा वेळ 'नाही' म्हणत राहिला.

"माल आहे, गाडी आहे, रस्ता आहे," तो मला म्हणाला. "चालवणारा नाही. तुमचा पलंग त्या निळ्या गाडीत आहे, सर. बघून घ्या हवं तर. हात लावून या."

"पण चालक गेले कुठे?"

"घरी गेले. इतके दिवस त्यांना घर आहे हेच कुणाच्या लक्षात नव्हतं." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गोदामाच्या दारात दोन दोन दिवस ताटकळायचं, त्याचा पगार नाही. झोपायला जागा नाही, जायला संडास नाही. माल फुटला तर ड्रायव्हर, उशीर झाला तर ड्रायव्हर, समोरचा येऊन धडकला तरी ड्रायव्हर. मुलगी कुणी देत नाही. म्हातारे रिटायर झाले, पोरं येत नाहीत. उरले होते त्यांना मी म्हटलं, बाबांनो, तुम्ही थोडे आहात तर जरा जास्त चालवा. त्यांनी चालवलं. मग त्यातला एक झोपेत पुलावरून खाली गेला. त्याची माती करून आले आणि बाकीच्यांनी किल्ल्या इथं टेबलावर ठेवल्या. तुम्हीच सांगा, मी कुठल्या तोंडाने उचला म्हणू?"

पाचाला पाच गुण द्यावेत असं उत्तर होतं. पण मी तेव्हा विद्यार्थी नव्हतो, ग्राहक होतो. मी म्हटलं, "ते सगळं ठीक आहे. माझा पलंग तेवढा खाली उतरवून द्या. मी माझ्या जबाबदारीवर टेंपोने नेतो."

"गाडीला सील आहे. सील पहिल्या मुक्कामालाच तुटतं. आणि तोडलं तरी उपयोग नाही. तुमचा पलंग पहिल्यांदा भरलाय, म्हणजे सगळ्यात आत आहे."

"पहिल्यांदा भरला तर पहिल्यांदा निघायला हवा!"

"सर, तुम्ही बाजारात पिशवीत आधी बटाटे टाकता, वर टोमॅटो. घरी आल्यावर आधी काय काढता?"

मी त्या निळ्या ट्रकपाशी जाऊन खरोखरच हात लावून आलो. माणूस दगडालाही हात लावून येतो, हा तर निदान ट्रक होता.

परत निघताना दारावर सरकारी जाहिरात दिसली. 'नागरिक चालक योजना'. ज्याच्याकडे मोटारीचं लायसन्स आहे अशा कुठल्याही धडधाकट नागरिकाने थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं. आणि खाली ठळक अक्षरात: 'ज्याचा माल ज्या गाडीत अडकला असेल, त्याला तीच गाडी प्रथम चालवण्याचा अधिकार राहील.' देशातले झाडून सगळे महामार्ग मला पाठ आहेत. कुठला रस्ता कुठल्या नदीला कुठे ओलांडतो हे मी झोपेत सांगेन. मला वाटलं, ही जाहिरात सरकारने माझ्यासाठीच काढली आहे.

घरी हे सांगितल्यावर ही भाकरी... नव्हे, हातातलं काम टाकून उभी राहिली. (चुकून मी रागाच्या प्रसंगांची नेहमीची वाक्यं लिहायला लागतो. प्रत्यक्षात ती आईचे कपडे धूत होती.)

"तुम्ही गेलात तर चादरीचं दुसरं टोक कोण धरणार?"

"शेजारच्या काकू आहेत ना."

"त्यांना स्वतःला उठायला दोन माणसं लागतात."

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. पलंग घेऊनच येतो. एकदाचं काम होऊन जाईल."

"अहो, पलंग कूस बदलत नाही."

मी बॅग भरायला घेतली. आतून आईचा आवाज आला, "जाऊ दे गं त्याला. घरात असून तरी कुठे असतो?"

तिने हे माझ्या बाजूने म्हटलं अशी मी स्वतःची समजूत घातली.

प्रशिक्षणाच्या मैदानात आम्ही जमलो ते सगळे एका अर्थी अडकलेल्या मालाचे नातेवाईक होतो. एक दंतवैद्य होता, त्याची रोग्यांना बसवायची खुर्ची अडकली होती. तोवर तो घरच्या सोफ्यावर दात काढत होता. एक ग्रंथपाल होता, त्याची कपाटं अडकली होती. शिकवायला एक उस्ताद होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने हत्तीपासून विमानाच्या पंखापर्यंत सगळं वाहून नेलं होतं, आणि हे सांगण्यातच पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की ट्रकमध्ये डिझेल नाही. कारण डिझेलचा टँकर आला नव्हता. कारण टँकरला चालक नव्हता.

त्यामुळे आम्ही उभ्या ट्रकमध्ये शिकलो. एकेकाने वर चढायचं, स्टिअरिंग धरायचं, उस्तादाने म्हणायचं, "घाट आला. दुसरा टाका. समोरून बस. हॉर्न!" हॉर्न बॅटरीवर असल्यामुळे तेवढा खरा वाजायचा. दंतवैद्य घाबरून खऱ्या ब्रेकवर एवढा जोरात पाय देई की न हलणारा ट्रकही हलल्यासारखा वाटे. पुढे टँकर आला, पण उस्ताद गेला. त्यालाच कुणीतरी दुप्पट पगारावर साखरेच्या ट्रकवर नेलं. जाताना तो म्हणाला, "घाबरू नका, सर. मोठी गाडी म्हणजे छोटीच गाडी, फक्त मागे लक्ष ठेवायचं." परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी आम्हाला मैदानाला एक फेरी मारायला लावली. ग्रंथपालाने गोलपोस्ट पाडला. सगळे पास झाले.

रोज संध्याकाळी मी घरी फोन करत असे.

"कशी आहे?"

"ती नखाएवढी जागा होती ना, ती रुपयाएवढी झालीये." हिचा आवाज दमलेला यायचा. "काकू दुपारी येतात. एरवी मीच ओढते. ढकलायचं नाही म्हणाले होते, पण एकटीला उचलत नाही. माझा खांदा वर होत नाही आता."

"आलोच मी. किल्ली मिळाली की आलोच."

"बरं," ती म्हणायची. भांडायची नाही. तिच्या भांडणाची मला इतकी सवय आहे की त्या 'बरं'नंतर मी फोन ठेवायचाच विसरायचो.

किल्ली मिळाली. निळा ट्रक माझ्या ताब्यात आला आणि त्यासोबत मॅनेजरने मुक्कामांचा क्रम तोंडी सांगितला. माझं गाव शेवटचं. "वाटेतल्यांना माल देत जायचा, सर. मागचा उतरल्याशिवाय आतला निघणार कसा?" म्हणजे आईचा पलंग माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, पत्र्याच्या पलीकडे होता. आणि तो पाठीवर घेऊन मी परक्यांच्या दारोदार फिरणार होतो.

महामार्गांचा माझा अभ्यास पहिल्या वळणालाच संपला. नकाशात रस्त्याला चढ नसतो आणि मागून कुणी शिव्या देत नाही. हळूहळू ट्रक माझं ऐकू लागला, माणूस म्हणून माझी किंमत मात्र हळूहळू कमी होत गेली. आयुष्यभर मला लोकांनी 'सर' म्हटलंय. वाणी म्हणतो, पोस्टमन म्हणतो, ज्यांना मी नापास केलं तेही म्हणतात. पहिल्या गोदामाच्या दारावर पहारेकरी म्हणाला, "ए ड्रायव्हर! तिकडे लाव. बोलावलं की ये."

"मी शिक्षक आहे," मी खाली उतरून सांगितलं.

"मग शाळेत जा. इथं ड्रायव्हर असशील तर रांगेत लाव."

मी रांगेत लावला. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. आतला संडास 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' होता. मी काय होतो, हे तिथे कुणाला ठरवता येत नव्हतं. पुढच्या ट्रकचा माणूस टायरला टेकून झोपला होता. मी त्याला विचारलं, "किती वेळ लागतो?" तो डोळे मिटूनच म्हणाला, "लागतो तेवढा." दुसऱ्या दिवशी माल उतरला. उतरवणाऱ्यांनी दोन खोकी आपटली आणि कारकुनाने 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहून माझी सही घेतली. मी त्याला वाक्यरचना चांगली आहे म्हणालो. त्याला टोमणा कळला नाही.

असे मुक्कामामागून मुक्काम झाले. मागचा माल कमी होत गेला तशी ताडपत्रीखालची पोकळी वाढत गेली, आणि एका ठिकाणी दार उघडल्यावर मला अगदी आत पुठ्ठ्यात गुंडाळलेले पलंगाचे लोखंडी पाय दिसले. मी चढून आत गेलो आणि तिथे थोडा वेळ बसलो. हमाल म्हणाला, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही. आमच्या घरचा आहे."

त्या दिवशी फोनवर आई स्वतः बोलली. हिने फोन तिच्या कानाला लावला असावा.

"कुठवर आलास?"

मी गावाचं नाव सांगितलं, तिथून घर किती लांब, मध्ये कुठली नदी, सगळं सांगितलं. भूगोल सुचतो तेव्हा मला दुसरं काही सुचत नाही.

"हिला झोप नाही रे," आई म्हणाली. "मी म्हणते, राहू दे, एकदा नाही वळवलंस म्हणून काय बिघडतंय? ऐकत नाही. मला ओढताना रडते, मग मीही रडते, मग आम्ही दोघी हसतो. पाठ फार जळते रे. ये लवकर."

आईने आयुष्यात कधी मला 'ये लवकर' म्हटलं नव्हतं. 'सावकाश ये' म्हणायची. आता फक्त आमचंच गाव उरलं होतं; मी ट्रक चालू केला आणि तसाच निघालो. वाटेत एकदा डोळा लागला आणि चाकं रस्त्याच्या कडेच्या खडीवर गेली, त्या आवाजाने जाग आली. पुलावरून खाली गेलेल्या त्या माणसाची आई असेल का, असा विचार मनात आला. गाडी बाजूला घेऊन मी तोंड धुतलं.

आमच्या गल्लीत ट्रक शिरला तेव्हा बाल्कन्या भरल्या होत्या. बँकवाले खाली उतरून 'घ्या, अजून घ्या, अजून' करत मला मागे घेत होते आणि त्यांच्याच सांगण्यावरून मी त्यांची स्कूटर चेपली. ते काही बोलले नाहीत. एवढा समंजसपणा पाहून मला भीती वाटली.

पलंग सगळ्यांनी मिळून वर नेला. जिन्याच्या वळणावर तो अडकला, कठड्याचा एक दांडा काढावा लागला. जोडला. गादी पसरली, तिचा पंप सुरू झाला, हवा एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाऊ लागली. मी हँडल फिरवून दाखवलं. वर गेला, खाली आला. दारात उभे असलेले लोक 'वा' म्हणाले. मग ते गेले आणि हिने आईची चादर बाजूला केली.

ती जागा आता तळहाताएवढी झाली होती. मध्ये काळी होती आणि खोल होती. वास येत होता. मी पुस्तकात ज्वालामुखीचा छेद शिकवतो, पण हे मला बघवेना. डॉक्टर येऊन गेले. जिन्यात ते मला म्हणाले, "गादी चांगली आहे. महिन्यापूर्वी आली असती तरी वळवावं हे लागलंच असतं. आता जंतुसंसर्ग रक्तात गेलाय." हिचा खांदा त्यांनी न विचारताच तपासला आणि झोळीत बांधून टाकला.

आईला नव्या पलंगावर घेतलं. ती बराच वेळ गादीची घरघर ऐकत होती.

"छान आहे रे," ती म्हणाली. "किती लांबून आणलास. आता बस इथे. कुठे जाऊ नकोस."

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. गाडी परत कधी आणताय, दुसरा माल तयार आहे. मी म्हटलं, गाडी घेऊन जायला माणूस पाठवा, मी येत नाही.

"कारण काय लिहू, सर?"

"आईची कूस बदलायची आहे."

"ती दुसरं कुणी बदलेल की."

"माणूस नाही," मी म्हटलं.

"माझ्याकडेही नाही," तो म्हणाला. अशा रीतीने देशात आणखी एक चालक कमी झाला. दंतवैद्य तर पहिल्या मुक्कामालाच पळाला होता, असं मॅनेजरनेच सांगितलं.

हिचा हात गळ्यात होता, म्हणून एका हाताने ती दोन टोकं धरायची आणि मी दोन्ही हातांनी दोन. "हं" म्हटलं की उचलायचं. फोन मी कपाटात टाकला होता. आईला काही वजनच राहिलं नव्हतं. पहिल्या दिवसांत जी चादर ताणली जायची ती आता नुसती वर यायची. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, कसं धरलं की तिला कमी दुखतं, कुठली उशी कुठे, हे मला शेवटी येऊ लागलं. एकदा ती म्हणाली, "आता बरं धरतोस." शाळेत इतकी वर्षं शेरे लिहिले, पण मला कुणी दिलेला हाच एक शेरा मला आठवतो.

एका पहाटे आम्ही तिला डाव्या कुशीवर वळवलं तेव्हा ती होती. पाठीला उशी लावून, पलंगाला वळसा घालून मी तिच्या तोंडासमोर गेलो, तेव्हा ती नव्हती. ही म्हणाली, "काय झालं?" मी पलंगाची कड धरून उभा होतो. गादी चालूच होती, त्यामुळे आई हलल्यासारखी वाटत होती. मग मी बटण बंद केलं आणि मोठ्याने रडलो. हिने मला रडू दिलं, मग ती रडली.

भेटायला येणारे सगळे एकच म्हणत होते. सुटली बिचारी. तुम्हीही मोकळे झालात. बँकवाले म्हणाले, "प्रयत्नांत तुम्ही कसूर ठेवली नाहीत," आणि पलंगाकडे बघून, "वस्तू मात्र उत्तम आहे हो." मी मान हलवत राहिलो. लोकांना काहीतरी बोलावं लागतंच.

मग मॅनेजरचा फोन आला.

"कळलं, सर. वाईट झालं," तो म्हणाला. मग घसा खाकरला. "विचारू का नको असं झालंय. पण आता तुम्ही तसे मोकळे आहात... यार्डात एक गाडी उभी आहे. सगळे तसलेच पलंग आहेत."

"ज्यांचे आहेत त्यांना फोन करा," मी म्हटलं. "त्यांना सांगा, पलंग यायचा तेव्हा येईल. पण माणसाला वळवत राहा. दोघांनी धरा. एकट्याने ओढू नका."

"ते आमचं काम नाही, सर. लोक म्हणतील, गाडी पाठवत नाही आणि वर शहाणपणा शिकवतो. तुम्ही येता की नाही तेवढं सांगा."

ही दारात उभी राहून ऐकत होती. मी येतो म्हणालो. शाळा अजून उघडली नव्हती. आणि घरात मला अजूनही दर दोन तासांनी जाग येत होती, मी उठून बसत होतो, ही शेजारी उठून बसत होती, आणि आम्हा दोघांनाही करायला काही नव्हतं.